मागची भिंत

सारापिकी नदीकाठचं जुनं लाकडी घर पाडून यादिरा बापासाठी सिमेंटचं बांधत होती. एलादियो सगळ्याला हो म्हणाला, फक्त मागच्या भिंतीपाशी अडून बसला.

"एवढी राहू दे."

"पापा, वाळवीनं पोखरलीय ती! आणि वर ती वटवाघळं."

"तीच तर."

त्या भिंतीला, छपराच्या सावलीत, भर दिवसा वटवाघळं चिकटलेली असत. अंगठ्याएवढी, पाठीवर दोन फिक्या नागमोडी रेघा. लग्न होऊन आली तेव्हा एलादियोची बायको फिदेलिना झाडू घेऊनच त्यांच्यामागे लागली होती. मग एका संध्याकाळी तिनं पाहिलं, एक नर मादीपुढे हवेत तरंगत पंख हलवत होता आणि कसलासा उग्र गोड वास सुटला होता. ती हसतच सुटली. "अगदी तुझ्यासारखा रे! नाचाला येताना तूही असंच अत्तर ओतून घ्यायचास." त्या दिवसापासून झाडू थांबला.

पुढे यादिरा झाली. आई तिला मांडीवर घेऊन त्या भिंतीशी बसे. वटवाघळांची पिल्लं आपल्या आयांना बिलगून चिवचिव बडबडायची, आणि अजून बोबडंही न बोलणारी यादिरा त्यांना उत्तर दिल्यासारखी बडबडायची. "माझं कुठलं आणि भिंतीवरचं कुठलं, कळेनासं झालंय," फिदेलिना म्हणायची. तिला जाऊन आता बरेच पावसाळे उलटले होते.

हातातलं गूळपाणी निवून जाईपर्यंत एलादियो मुलीला हे सांगत राहिला. सकाळी गवंडी आला तेव्हा यादिरा म्हणाली, "मागची भिंत सोडा. वर पत्रा टाका."

शेजारी हसले. पण हातोड्यांच्या दणक्यांनी वटवाघळं उडाली ती परतलीच नाहीत. नव्या घरात गेल्यावरही एलादियो खुर्ची टाकून रोज त्या रिकाम्या भिंतीसमोर बसे.

एका रविवारी भेटायला आलेल्या यादिरानं हाक मारली. "पापा, अहो, तिकडे काय बघताय? इकडे या!"

नव्या घराच्या वळचणीखाली, सिमेंटच्या भिंतीवर, पाच-सहा जणं ऐटीत चिकटली होती.

"माझ्या पिवळ्या रंगाची वाट लावणार आता," ती कुरकुरली आणि त्याची खुर्ची उचलून आणायला गेली.

एलादियो बराच वेळ वर बघत उभा होता. डोळे पुसले, मग हसला.

जुनी भिंत पुढं त्यानं स्वतःच उतरवली. धड निघालेल्या फळ्यांचं कोंबड्यांना खुराडं झालं.