परातीतल्या गोळ्या

निकाल सांगायला रुचिता डॉक्टर कोल्हापूरहून हातकणंगल्याला आल्या, तेव्हा आम्ही वीसही जणी समाजमंदिरात सतरंजीवर बसलो होतो. सहा महिने गुडघेदुखीच्या नव्या गोळीची चाचणी आमच्यावर चालली होती. दहा जणींना खरी गोळी, दहा जणींना तशीच दिसणारी, पण बिनऔषधाची. कुणाला कुठली, ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

"दोन्ही गटांत फरक दिसला नाही. कंपनी आता हे औषध बंद करणार," डॉक्टर म्हणाल्या.

माझ्या शेजारी बयाबाई होती. आधी ती भिंत धरून परसात जायची, आता देवळाच्या पायऱ्या चढते. ती ओरडलीच, "मग मी चढतो त्ये काय उगंच?"

"आजी, फरक दिसला नाही म्हणजे गुण नाहीच, असं नव्हे. दोन तऱ्हेची चूक होऊ शकते. रिकाम्या गोळीला औषध समजायचं, नाहीतर खऱ्या औषधाला रिकामं समजून टाकून द्यायचं."

मी उठून दारापर्यंत गेले, परत येऊन बसले, पुन्हा उठले.

"बस की गं आक्का, मुंग्या चावल्या काय?" विठाबाई म्हणाली.

त्यातल्या दुसऱ्या चुकीचं मूळ माझ्या घरात होतं. एका पंगतीत निम्म्यांना पोळी आणि निम्म्यांना रिकामं पान, हे मला बघवलं नाही. गोळ्या वाटायचं काम माझ्याकडं होतं. दर सोमवारी सगळ्यांच्या नावाच्या बाटल्या घरी आल्या की मी सगळ्या गोळ्या परातीत ओतायची, कालवायची आणि मोजून परत भरायची. सगळ्यांनाच थोडं खरं, थोडं रिकामं. मग फरक दिसणार कुठून?

मी सगळं सांगून टाकलं. डॉक्टर मटकन खुर्चीत बसल्या.

"आक्का, सहा महिने!"

"वाया गेलं सगळं?"

"हा निकाल धरता येणार नाही. मी तसं कळवते. कंपनीनं ऐकलं, तर पहिल्यापासून चाचणी. ज्याची गोळी त्यानंच खायची."

"आन् मला रिकामी आली तर?" बयाबाईनं विचारलं.

मी तिच्याकडं बघूच शकले नाही.

"लिवा माझं नाव," ती शेवटी म्हणाली. "पर आधी हिच्या घरातनं परात उचला."

बायका हसल्या. बयाबाई भिंतीला हात न लावता पायऱ्या उतरली. मी मागून तिच्या गुडघ्यांकडंच बघत राहिले.