आयडाने बांधलेलं टोक

मित्रांनो, जिन्याच्या भिंतीवर मला पाहून बरेच जण मला पाण्याची नळी समजतात. मी नळी नाही. मी विजेची एक जुनी केबल आहे. माझं अंग तांब्याचं आहे. आत दोन तारा आहेत आणि त्यांच्याभोवती पांढरी खनिज भुकटी गच्च दाबून भरलेली आहे. माझ्यात रबर नाही, कापड नाही. म्हणून मी आगीत जळत नाही आणि वयाने कुजत नाही.

इंग्लंडमधल्या टाइन नदीकाठच्या एका कारखान्यात मी तयार झाले. तिथे आयडा नावाची मुलगी कामाला होती. माझ्यासारख्या केबलींची टोकं बंद करायचं काम तिच्याकडे होतं. टोकाला पितळेची छोटी टोपी बसवायची, तिच्यात, खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीसारखा मसाला दाबून भरायचा आणि वरून झाकण लावायचं. काम लहान दिसतं, पण आमचा जीव त्यावर असतो. कारण माझी भुकटी हवेतली ओल पिते. ओल आत गेली की वीज बाहेर झिरपू लागते.

आयडाचं लग्न विल्फशी झालं. तो बस चालवायचा. दोघांनी नदीच्या वरच्या अंगाला एक फार जुनं दगडी घर घेतलं. तिथल्या रबरी तारा उंदरांनी खाल्ल्या होत्या. आयडाने कारखान्यातून उरलेल्या गुंडाळ्या स्वस्तात आणल्या. त्यांतली एक म्हणजे मी, बाकीच्या माझ्या बहिणी.

विल्फ मला वाकवून भिंतीवर बसवत होता आणि आयडा खालून दिवा धरून उभी होती.

"बस वळवतोस तशी वळव रे तिला. इतकी झटकन वळवलीस तर माणसं पडतील."

"माझ्या बसमध्ये आजवर एक माणूस पडलेलं नाही."

"मी पडले होते. म्हणून तर फसले."

दोघं हसली. टोकं मात्र तिने त्याला बांधू दिली नाहीत. "तुझे हात चहाने ओले असतात," ती म्हणाली. तिने माझी दोन्ही टोकं स्वतः बंद केली. माझं एक टोक खाली फ्यूजच्या पेटीत गेलं. दुसरं वर, शयनघरात, तिच्या बाजूच्या दिव्याला.

तो दिवा मी पुष्कळ वर्षं पेटता ठेवला. आयडा त्या उजेडात वाचायची, शिवायची. मुलगी जॅनिस तापाने फणफणली तेव्हा आयडा त्याच उजेडात तिच्याजवळ बसून राहिली. दर शुक्रवारी दाराच्या पितळी मुठी पुसताना ती माझ्यावरूनही फडकं फिरवायची. पाहुणे म्हणत, "केबल कशाला चकाकवतेस?" ती म्हणे, "माझ्या माहेरची आहे."

मग ती आजारी पडली आणि एका हिवाळ्यात गेली.

दफन करून विल्फ घरी आला, वर गेला आणि सवयीने दिव्याचं बटण दाबलं. उजेड तिच्या रिकाम्या उशीवर पडला. मग त्याने खाली जाऊन फ्यूज काढला, करवत आणली, दिवा भिंतीवरून उतरवला आणि मला कापलं. उघड्या टोकावर काळी चिकटपट्टी गुंडाळली. खालचं टोक मात्र त्याने तसंच ठेवलं, आणि फ्यूज परत लावला. टोकाला पट्टी पुरत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. ज्या माणसाला ठाऊक होतं ते गेलं होतं. त्या दिवसापासून तो खाली शेकोटीजवळच्या खुर्चीत झोपू लागला. मला फडकं लागलं नाही. मी काळवंडले. दगडी भिंतीची ओल पट्टीखालून हळूहळू माझ्यात शिरत राहिली.

यंदा विल्फ अंधाऱ्या जिन्यावरून पडला. जॅनिस आली आणि म्हणाली, "बाबा, मी इथे राहायला येते. पण आधी वीज नीट करून घ्यायची."

डंकन नावाचा वीजतंत्री आला. त्याने फ्यूजच्या जागी नवी पेटी बसवली. वीज जराशी झिरपली तरी ती पेटी बंद पडते. चालू केली की लगेच खटकन बंद पडायची.

जॅनिस वैतागली. "जुनं सगळं उपटून टाका. भिंती फोडायला लागल्या तरी चालतील."

"हे तुझ्या आईनं घातलंय," विल्फ म्हणाला.

"मला माहीत आहे, बाबा. पण आई गेली. तुम्ही आहात."



डंकन म्हणाला, "थांबा दोघं. जुनी आहे म्हणून वाईट, असं नसतं. एकेक तपासू." त्याने आम्हां सगळ्या केबलींना सुटं केलं आणि प्रत्येकीला मेगर लावला; वीज झिरपत असेल तर त्या यंत्राचा आकडा खाली येतो. माझ्या सगळ्या बहिणी चोख निघाल्या. माझा आकडा मात्र तळाला गेला.

त्याने माझं खालचं टोक पाहिलं. "हे कुणी बांधलं? नव्यासारखं आहे."

"माझ्या बायकोनं."

मग वर जाऊन त्याने पट्टी सोडली. "आणि हे कुठल्या गाढवानं?"

"या गाढवानं," विल्फ म्हणाला.

डंकन ओशाळला. त्याने ज्योतीने मला शेकलं, ओल टोकाकडे ढकलत आणली, पुन्हा मेगर लावला. आकडा हलला नाही. मग तो वीतभर कापायचा, शेकायचा, तपासायचा. माझे तुकडे लाकडी जमिनीवर पडत होते आणि विल्फ प्रत्येक तुकडा उचलून खिशात ठेवत होता.

"अजून थोडं शेकून बघ ना."

"बघितलं, विल्फ. ओल फार आत गेलीय."

कापत कापत तो शयनघराच्या दाराबाहेर, जिन्याच्या माथ्यावर आला तेव्हा कुठे आकडा चढला. पण तिथून आयडाचा पलंग दूर राहिला होता.

"इथून पुढे नवी केबल जोडून देतो," डंकन म्हणाला. "दिवा होता तिथेच लागेल."

विल्फने पलंगाकडे पाहिलं. "नको. तिची केबल पोचते तिथंच दिवा लाव. जिना अंधारा आहे." मग म्हणाला, "टोक मी बांधू का?"

"हात कोरडे आहेत?"

विल्फने हात विजारीला पुसले.

"डोळेही पुसा," डंकन हळूच म्हणाला. "एक थेंब आत गेला तर परत पहिल्यापासून."

विल्फने बाहीने डोळे पुसले आणि मसाला अंगठ्याने दाबला. टोक नीट बंद झालं.

मित्रांनो, आता मी आखूड झाले आहे. माझं खालचं टोक आयडाच्या हातचं आहे, वरचं विल्फच्या. घर नवं कराल तेव्हा आमच्यासारख्यांना फेकण्याआधी एकदा तपासून पाहा. आणि काही कापावंच लागलं, तर टोक उघडं ठेवू नका. ओल वाट पाहत असते.

विल्फ अजून खालीच झोपतो. पण शुक्रवारी तो जिन्यावर येतो, एका हाताने कठडा धरतो आणि दुसऱ्या हाताने माझ्यावरून फडकं फिरवतो. शयनघराच्या दाराशी, माझ्या वरच्या टोकापाशी थांबतो. आत जात नाही.