भिकु अक्कांचा फोन

“अक्का, तुम्हन्या बिबड्यासनी गावना फोन खाई टाका!”

अक्कांच्या घराच्या धाब्यावरून, म्हणजे मातीच्या सपाट छतावरून, मी ओरडलो आणि खाली ओट्यापाशी जमलेलं गाव खदखदून हसलं. भिकु अक्का तेवढ्या हसल्या नाहीत. त्या मान वर करून माझ्याकडे बघत राहिल्या. शहाण्णव सालच्या चैत्रातली ती दुपार होती. शिंदखेडा तालुक्यातलं लहानसं गाव, आणि मी तिथला फोन दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक, हिलाल.

त्या गावाला तारा नव्हत्या. हवेतून चालणारा फोन होता. धाब्यावर उंच पाइपाला अँटेना, शेजारी उन्हावर बॅटरी भरणारी सोलरची काच आणि खाली ओसरीत फोन. सगळ्यात उंच धाबं भिकु अक्कांचं, म्हणून तो त्यांच्याकडे बसवला. बसवणारा मीच. अक्का एकट्या राहत, मुलगा निंबा सुरतेला कपड्याच्या कारखान्यात. फोन आला आणि ज्या बाईकडे कुणी फिरकत नव्हतं तिच्या ओसरीत दिवसभर वर्दळ सुरू झाली. घंटी वाजली की अक्का तव्यावरची भाकरी तशीच टाकून पळत, ज्याचा फोन त्याला गल्लीतून हाका मारत घेऊन येत. गाव त्यांना विचारू लागलं होतं, आणि ते त्यांना आवडत होतं.

पण महिनाभर फोनने छळ मांडला होता. बोलता बोलता तुटायचा, मिनिटाभरात आपला आपण परत यायचा. मी गेलो की मात्र गुणी बाळासारखा चालायचा. दोनदा येऊन मी हात हलवत परत गेलो. त्यातच उखर्डूच्या मुलीचं धुळ्याला बाळंतपण अडलं. “रक्त लागी राहिनं,” एवढं जावई बोलला आणि कुठल्या दवाखान्यात यायचं ते सांगायच्या आत फोन तुटला. उखर्डू धुळ्यात तीन दवाखाने फिरला तेव्हा कुठे मुलगी सापडली. ती वाचली, पण गाव पेटलं.

“हिलाल भाऊ, आज कारन सांगाशिवाय जावानं नही,” सरपंच मगननाना ओट्यावर मांडी ठोकूनच बसले होते. शेजारी उखर्डू. त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

मी बॅटरी मोजली, धाब्यावर चढलो, आणि बिबड्या दिसल्या. गल्लीतल्या चार घरच्या बायकांनी तिथे ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, वाळत घातल्या होत्या. एक खाट पाइपाला उभी टेकवलेली, तिच्यावर ओलं लुगडं पसरलेलं, आणि त्याची सावली थेट सोलरच्या काचेवर. कारण मिळालं म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला आणि मी ओरडलो.

“मन्हामुये व्हयनं का हो भाऊ हाई?” अक्कांनी खालून विचारलं.

“मंग काय! ऊन नही भेटनं तर फोन चाली कसा?”

बिबड्या चार घरच्या होत्या. त्या चारही घरच्या बायका खाली उभ्या होत्या, पण एकीनेही तोंड उघडलं नाही. उखर्डूने अक्कांकडे एकदाच पाहिलं आणि तो उठून गेला. मगननाना म्हणाले, “फोन मन्हाकडे हलावा. आजच.”

मी पान्हा घेतला. अँटेनाची केबल सोडवायला गेलो आणि जोड माझ्या हातात निखळून आला. आतली तार नुसती पिळलेली होती. बसवायच्या दिवशी गावात वीज नव्हती, सोल्डरिंगचा डाग द्यायला पुन्हा येऊ म्हणून मी वरून चिकटपट्टी गुंडाळली होती आणि विसरलो होतो. वारा सुटून पाइप हलला की तार सुटायची, टेकली की परत लागायची. सावलीने बॅटरी उतरते खरी, पण उतरलेल्या बॅटरीचा फोन ऊन मिळेपर्यंत मेलेलाच राहतो. मिनिटात मरून मिनिटात उठत नाही. हे मला ओरडायच्या आधीही ठाऊक होतं. बॅटरी तर भरलेली निघाली होती.

खाली सगळे अजून उभे होते. चार शब्दांचं काम होतं. मी तो जोड खिशात टाकला.

अक्कांनी स्वतःच खाट उतरवली. अर्धवट वाळलेल्या बिबड्या खरवडून घमेल्यात भरल्या. मी निघताना मला पाणी दिलं, वर म्हणाल्या, “उन्हात तरास व्हयना तुमले.” ते पाणी मी कसं प्यालो ते माझं मला माहीत.

नानांच्या धाब्यावर जास्त उंच पाइप उभा करून मी नवा जोड लावला, चांगला डाग देऊन. फोन एकदाही तुटला नाही. हिलाल भाऊसारखा मेकॅनिक तालुक्यात नाही, असं गाव म्हणू लागलं. फोन चालला तसतसा अक्कांचा गुन्हा पक्का होत गेला.

दोन महिन्यांनी बॅटरीत पाणी घालायला गेलो. रविवार होता, निंबाचा फोन यायचा दिवस. अक्का नानांच्या ओसरीत, खालच्या पायरीवर बसून होत्या. घंटी वाजली. नानांच्या सुनेने, कुंदाबाईने, फोन उचलला आणि हाक मारली. अक्का आत आल्या, पण दोन्ही हात त्यांनी पदरात गुंडाळून घेतले.

“धरा ना अक्का,” मी म्हणालो.

“नको रे भाऊ. मन्हा हात लागी अन् पुन्हा बंद पडी जाई.”

कुंदाबाईला हे नेहमीचं असावं. तिने न सांगताच रिसीव्हर अक्कांच्या कानाला लावून धरला.

“हा निंबा, बोल. नही, आते नही तुटत. मन्हा घर व्हता तवयच तरास व्हता. आते भाऊसनी बठ्ठं बरोबर करी दिधं.” बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे पाहून कौतुकाने मान डोलावली.

मला बोलायचं होतं. कुंदाबाई समोर होती, नाना आत होते, आणि मी बॅटरीची झाकणं उघडत बसलो. निंबाचं बोलणं संपलं. कुंदाबाईने रिसीव्हर जागेवर ठेवला. तो नीट बसला हे पाहून मगच अक्कांनी पदरातून हात बाहेर काढले.