भस्माचा उंदीर

खांब गावात हायवेलगतच्या मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. अग्निबाबा छातीवर भस्माचा ओला लेप थापत आणि चाकू न लावता हृदयाची तुंबलेली नळी मोकळी करत. लेप आपोआप तापला, की रोग जळाला!

जोहे गावची चंद्रावती नवऱ्याबरोबर, काळुरामबरोबर, आली होती ती नाइलाजाने. गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात प्लास्टरची गोण उचलली की काळुरामच्या छातीत कळ यायची. पेणच्या डॉक्टर रूबेननी बजावलं होतं, "छातीवर नुसती कांडी फिरवतात, हृदय पडद्यावर हलताना दिसतं. कुठला भाग सुस्त पडलाय ते कळेल. कापायचं नाय, टोचायचं नाय. पण उशीर नको." काळुराम मात्र हटून बसला होता, "आधी बाबा."

"डॉक्टर टीव्हीत काळीज बघतो म्हणे!" बाबा गरजले. "आम्ही डोळे मिटून बघतो!"

लेप लागला. दहा मिनिटांत काळुरामचा चेहरा उजळला. "गो, खरंच तापलाय! आता डॉक्टर नको."

चंद्रावतीने लेपावर हात ठेवला, मग सवयीने बोटाच्या पेराने ठोकलं. टक्क. तिच्या डोक्यात तिडीक गेली. साच्यातलं प्लास्टर घट्ट झालं का, ते वीस वर्षं ती असंच ठोकून बघत आली होती.

तिने बाबांच्या परातीतलं कोरडं भस्म मूठभर उचललं, लोट्यातल्या पाण्यात कालवलं आणि पिशवीतल्या उंदराच्या रबरी साच्यात ओतलं. साचा पेणहून दुरुस्त करून आणलेला होता. चेले धावले. "हात लावाल तर बोंब मारीन," ती म्हणाली. पाव तासाने पांढराशुभ्र, कोमट उंदीर हातोहात मांडवभर फिरला.

"ह्याचं पण काळीज बरं झालं काय, बाबा?"

"देवाचा कोप होईल!"

"होऊ दे! माझ्या हातून दरसाल पाचशे देव घडतात. प्लास्टरला भस्म म्हणा, असं एकानं पण सांगितलं नाय!"

मांडव हसला. बाबा चपला शोधू लागले. प्लास्टरमध्ये पाणी पडलं की ते घट्ट होताना तापतं, हे काळुरामचे हात रोज अनुभवत होते. देवाचं नाव निघालं आणि तो आपलेच हात विसरला. त्याने मान खाली घातली.

दुसऱ्याच दिवशी पडद्यावर त्याचं हृदय दिसलं. एक भिंत आळसावल्यासारखी हलत होती.

"वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या आजपासून. गोण बंद. पुढच्या तपासण्या मुंबईला करू."

तो उंदीर चंद्रावतीने कारखान्याच्या दारात ठेवलाय. कुणी नव्या बाबाचं नाव काढलं की ती तो हातात देते. "तापला म्हणून भुलू नका," म्हणते. "आधी ठोकून बघा."