फुग्याला किती माया सोडावी

शिलाईच्या आत दडून राहणाऱ्या जादा कापडाला शिंपी लोक माया म्हणतात. पुढेमागे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं, म्हणून बाकीचे शिंपी ती बोटभर सोडतात. मास्तर वीतभर सोडत. त्यामुळे त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोखेरीज कुणाला आठवत नसे, आणि ती नवऱ्याचं नाव घेत नसे. सगळे त्यांना ढगळे मास्तर म्हणत. त्यांनी शिवलेल्या कोटात एक गृहस्थ लग्नाला उभे राहिले, पुढे त्यांचं पोट दुप्पट झालं, आणि मुलाच्या लग्नातही तोच कोट त्यांना सैल झाला. मास्तरांनी शिवलेली पँट घालून वाऱ्याच्या दिवशी निघालेले एक हेडमास्तर शाळेच्या कुंपणापलीकडे जाऊन उतरले, असं पाहणारे शपथेवर सांगतात. कुंपण अजून उभं आहे. ज्याला शंका असेल त्याने जाऊन उंची मोजावी.

अशा माणसाकडे त्यांचे साडू हवेत उडणारा फुगा शिवायला घेऊन आले.

साडू अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. जन्मभर शिड्या चढले, तरी उंचीची हौस फिटली नव्हती. बंद पडलेल्या एका सर्कशीची टोपली आणि बर्नर त्यांनी विकत घेतला होता. मूळ फुग्याचं कापड उंदरांनी कधीच संपवलेलं. नवं कापड एका गिरणीत मिळालं. टेम्पो दारात थांबला, तागे उतरले आणि साडू म्हणाले, "साडूभाऊ, आहे ते एवढंच. गिरणीने हे विणणं बंद केलंय. एक पट्टा बिघडला तर बदली पट्टा नाही."

"कापडाचा पन्हा किती, रुंदी?"

"दीड मीटर. फुगा गोल, रुंदी पंधरा मीटर, पट्टे बत्तीस. वर बसणार मी."

आतून मास्तरांची बायको आली. "अहो, नीट ऐका. भावजींना काही झालं तर माझी बहीण इथे राहायला येईल. आणि तिला तुमचीच खोली द्यावी लागेल."

मास्तरांनी रात्रंदिवस शिलाई केलेली, पण गोल वस्तू कधी शिवली नव्हती. आदल्या आठवड्यात साडूंनी बेत सांगितल्यावर मास्तरांनी अंदाजाने कागदी नमुना चिकटवून पाहिला, त्याचं वांगं झालं होतं. देठासकट. म्हणून साडूंनी या वेळी सोबत मुलीला आणलं होतं. ही भाची घरबसल्या यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायची, आणि पत्रं, हिशेब, धोब्याचे कपडे, जे काय असेल ते एकाच टेक्स्ट एडिटरमध्ये लिहायची. तिने कापायच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

"अगं, हे तर टायपिंगचं आहे," मास्तर म्हणाले.

"ह्याच्या पोटात कॅल्क्युलेटर आहे, काका. साधासुधा नाही, गणिताचा मास्तर आहे. कंट्रोल एक्स, मग तारका, मग सी."

पडदा दुभंगला. वर तिचा मजकूर राहिला, खाली रिकामी चौकट उघडली. मास्तरांनी बाह्या सारल्या आणि बत्तीस टाइप केले. ते वरच्या मजकुरात उमटले. 'पंपाचं झाकण उघडण्यापूर्वी 32,' असं वाक्य तयार झालं.

"खालच्या चौकटीत या आधी," भाची हसली. "नाहीतर लोक बत्तीस झाकणं शोधतील."

खाली आल्यावर मास्तरांनी दुकानातल्या कॅल्क्युलेटरसारखं केलं. बत्तीस, गुणिले. चौकटीने लगेच तक्रार केली, की ढिगात आकडे पुरेसे नाहीत.

"बघ. ह्यालाही उधारीवर विश्वास नाही."

"तसं नाही, काका. इथे आधी आकडे एकावर एक मांडायचे, मग काय करायचं ते सांगायचं. आकडा, एंटर. दुसरा आकडा, आणि मग गुणिले. बरोबरच्या चिन्हाचं कामच नाही."

मास्तरांनी टेबलावरून हात फिरवला. "म्हणजे आधी कापड पसरायचं, मग कात्री उचलायची."

"अगदी."

"मग इतका वेळ तू उगाच इंग्रजी का बोलत होतीस?"

बटणांची नावं सोडली तर ती काही इंग्रजी बोलली नव्हती. कॅपिटल पी दाबला की परिघासाठी लागणारा पाय, म्हणजे तीन पूर्णांक चौदा, येतो, त्याने रुंदीला गुणायचं, पट्ट्यांनी भागायचं, म्हणजे पोटाजवळ एका पट्ट्याची रुंदी मिळते, एवढं तिने समजावलं. तेवढ्यात टोपली फाटकात अडकली म्हणून साडूंनी हाक मारली, आणि ती बाहेर धावली.

मास्तर एकटे बसले. त्यांनी आकडा मांडला, पी दाबला, गुणिले केलं, बत्तीस मांडले, भागिले केलं. चौकटीत एकच आकडा उरला, एक पूर्णांक बावन्न आणि पुढे शेपूट.

टोपली आत आली तेव्हा मास्तर हातात कात्री घेऊन उभे होते.

"तुझा गणिताचा मास्तर वेडा आहे," ते भाचीला म्हणाले. "पन्हा दीड मीटर, आणि पट्टा मागतोय त्याच्याहून रुंद. आता प्रत्येक पट्ट्याला कडेने ठिगळ लावावं लागणार. एका ताग्याचा तुकडा घेतो."

साडूंचा चेहरा उतरला. "ठिगळं? साडूभाऊ, जिथे ठिगळ तिथे शिवण, आणि जिथे शिवण तिथे ताण. वर गेल्यावर मी कुठल्या खिडकीतून उडी मारू?"

"मग फुगा लहान करा."

"लहान केला तर बर्नर मला उचलणार नाही. मी टोपलीत बसून तुमच्या अंगणातच म्हातारा होईन."

"कात्री खाली ठेवा, काका," भाची म्हणाली. "आपण उलट चालू."

"कापड उलट चालत नाही."

"हे चालतं." तिने कॅपिटल यू दाबला. भागाकार सुटला. पुन्हा दाबला, बत्तीस गेले. पुन्हा, आणि गुणाकार उसवला. मास्तर डोळे मोठे करून बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी शिलाई उसवली होती आणि कापडावर भोकं राहिली नव्हती. मग पीही गेला, आणि ढिगात तळाचा एकच आकडा राहिला.

साडेपंधरा.

"हे कुठून आले?" भाचीने विचारलं.

"मी पंधरा सांगितले होते," साडू म्हणाले.

मास्तर कात्रीच्या मुठीकडे बघत होते. "अर्धा मीटर माया धरली," ते शेवटी म्हणाले. "सवयीने हात गेला. पुढेमागे लागली तर..."

दारातून बायको म्हणाली, "अहो, फुग्याला पोट सुटणार आहे का?"

साडू इतके हसले की टोपलीच्या काठावर बसावं लागलं. मास्तरांनी साडेपंधरा पुसले, पंधरा मांडले आणि सगळं पुन्हा केलं. एक पूर्णांक सत्तेचाळीस आणि थोडं. शिलाईसाठी दोन्ही कडांना सव्वा सेंटिमीटर धरलं, तर पट्टा पन्ह्यात बसत होता, पण अगदी घासून.

"सव्वा सेंटिमीटर माया?" मास्तर म्हणाले. "एवढ्यात मी हातरुमालही शिवत नाही."

"दुहेरी शिलाई घाला. पण माया एकदाच, अगदी शेवटी. मधल्या कुठल्याही आकड्यात नाही."

टोकाकडे निमुळत्या होणाऱ्या रुंद्या भाचीने अवतरणचिन्हाचं बटण दाबून, कागदावर लिहितात तसं सूत्र लिहून काढल्या. प्रत्येक उत्तरावर ती वाय दाबायची, की आकडा वरच्या मजकुरात जाऊन बसायचा. मास्तर वाचायचे आणि खडूने कापडावर खूण करायचे. पहिल्या खुणेपाशी ते किती वेळ थांबले हे फक्त बायकोने पाहिलं. मग कात्री चालली. ती खुणेच्या बाहेर गेली नाही. त्या दिवसापासून शिवण संपेपर्यंत मास्तरांनी झोपेतही डाव्या हाताची मूठ आवळून धरली होती, म्हणजे तो हात सवयीने कापड ओढायला जाऊ नये, असं बायको सांगते.

एका शांत सकाळी मोकळ्या मैदानात बर्नर पेटला. कापड आधी चादरीसारखं पसरलं होतं, मग ते श्वास घेऊ लागलं, मग उठून बसलं. वांगं झालं नाही. दोर बांधलेले होते, तरी टोपली जमिनीवरून हलकेच सरकायला लागली.

साडू टोपलीत चढले आणि खाली बघून म्हणाले, "साडूभाऊ, शिवलंय तुम्ही. या की मग."

"मला कामं आहेत."

"जा," बायको म्हणाली. "माझ्या बहिणीच्या नवऱ्याला वर बसवताय, मग तुम्हीही बसा."

मास्तर चढले. खालच्या लोकांनी दोर सैल सोडले. खाली माणसं, मग छपरं, मग रस्ता लहान होत गेला. साडूंनी आनंदाने आरोळी ठोकली आणि मास्तरांच्या खांद्यावर हात मारला.

"अहो, बघा तरी! तुमचं घर तिकडे. ते बघा, तुमची बायको."

मास्तरांनी टोपलीचा काठ दोन्ही हातांनी धरला होता आणि मान पार मागे टाकली होती. वर बत्तीस शिवणी सगळ्या बाजूंनी चढत एका ठिकाणी येत होत्या. त्यांनी त्या एकेक करून तपासल्या. एकीवरही सुरकुती नव्हती.

"तुम्ही बघा खाली," ते म्हणाले. "मी माझं काम बघतोय."