आधीच येणारा आवाज

"पण ते दोघे मिळून राजाला का पाडत नाहीत?"

हा प्रश्न मी बाबाला विचारायचा, असं मधल्या सुट्टीत ठरलं. ठरलं म्हणजे काय, माझी मैत्रीण चष्मिस हिनं पैजच लावली. तुझा बाबा मालिकेत आवाज देतो ना, मग विचारून दाखव. उत्तर आणलं नाहीस तर महिनाभर माझं दप्तर तू उचलायचं. मी आता कुणाला घाबरत नाही. वक्तृत्वाचा कप आणल्यापासून तर मुख्याध्यापकांशीसुद्धा मान वर करून बोलते. मी म्हटलं, आज रात्रीच विचारते.

या मालिकेवरून आमच्या वर्गाचे दोन तट पडले आहेत. आहे कार्टूनच, पण जाम भारी. ढगांवरचं राज्य, गरुडांवर बसून उडणारी माणसं, आणि राजाचे दोन मुलगे, थोरला आणि धाकटा. दर भागात राजा दोघांची शर्यत लावतो. जो हरतो त्यानं हातमोजा काढून हात पुढे करायचा, आणि जो जिंकतो त्यानं लगामाच्या वादीनं त्या हातावर मारायचं. राजा स्वतः कधीच मारत नाही. सिंहासनावर बसून नुसता बघतो. थोरला तापट आहे, धाकटा आतल्या गाठीचा, आणि दोघे एकमेकांच्या जिवावर उठलेले. चष्मिस धाकट्याच्या बाजूची, मी थोरल्याच्या. माझी कॉलर जरा जास्तच ताठ, कारण मालिकेच्या आपल्या भाषेतल्या डबिंगमध्ये राजा आणि थोरला, दोघांचाही आवाज माझा बाबा देतो.

घरात मात्र हा माणूस इतका हळू बोलतो की दुकानदार त्याला दोनदा "काय?" विचारतात. आई म्हणते, ह्याला ओरडायला पगार लागतो. मी त्याला अरेतुरे करते, तीही त्यानंच लावलेली सवय.

त्या रात्री तो पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होता. मी प्रश्न टाकला. माझ्याच शाळेच्या शर्टाची घडी त्यानं मोडली, परत घातली. "स्क्रिप्टमध्ये तसं लिहिलंय म्हणून," म्हणाला. हे काही उत्तर नव्हतं. मी वाद घालणार तेवढ्यात आजोबांचा फोन आला आणि बाबा उभा राहिला. आजोबांशी तो नेहमी उभं राहूनच बोलतो, ते दुसऱ्या गावी असले तरी.

आजोबांनी फर्मान काढलं होतं. सुट्टीत दोन्ही नातींनी आठवडाभर त्यांच्याकडे राहायचं, बघू कोणात किती दम आहे ते. दोघी म्हणजे मी आणि दादाची मुलगी. दादा म्हणजे बाबाचा मोठा भाऊ, माझा काका. बाबा आणि काका एकमेकांशी बोलत नाहीत, माझ्या जन्माच्या आधीपासून. त्यामुळे माझ्याच वयाच्या त्या चुलत बहिणीला मी धड बघितलेलंही नाही. आमच्या घरात तिला नावसुद्धा नाही, ती नुसती "दादाची मुलगी". पण तिचे मार्क मला तोंडपाठ आहेत. माझा निकाल लागला की बाबा आजोबांकडून तिचा निकाल काढतो आणि मला ऐकवतो.

बाबा फोनवर "हो, हो, पाठवतो" एवढंच म्हणाला. मी मात्र घरभर नाचले. एकदाची समोरासमोर गाठ पडणार होती. तिचा पार भुगा करून येते, असं मी जाहीर केलं. बाबा हसला. "गणिताचं मात्र बघ. त्यात ती पुढे आहे." स्वयंपाकघरात आईनं पातेलं जरा जोरातच आपटलं.

शनिवारी मी बाबाबरोबर स्टुडिओत गेले. काचेच्या अलीकडे रेकॉर्डिस्ट आणि डबिंग घेणाऱ्या ताई, पलीकडे माइकसमोर बाबा. अंगात जुना, मऊ पडलेला सदरा, हातातलं घड्याळ काढून ठेवलेलं. कपडा सळसळला तरी माइक पकडतो म्हणे. पडद्यावर दरबार उभा राहिला आणि बाबाच्या तोंडून राजा बोलला.

"हात पुढे कर."

ना ओरडणं, ना राग. पाणी आण म्हणावं इतक्या थंडपणे. माझ्या अंगावर काटाच आला, आणि सोमवारी वर्गात हे कसं सांगायचं याची वाक्यंही मी जुळवायला लागले. पुढच्याच क्षणी बाबा थोरला झाला, तरुण, धापा टाकणारा. दोन्ही आवाज एका झटक्यात ओके. बाबाचे शब्द चित्रातल्या ओठांवर असे बसतात की रेकॉर्डिस्टला काही करावंच लागत नाही.

मग ताई म्हणाल्या की धाकट्याचं काम करणाऱ्या नटानं मार बसतानाचा आवाज फारच मोठा काढलाय, त्याला आता परत कुठे बोलावू, तेवढा तुम्हीच देऊन टाका. मग माझ्याकडे वळून कौतुकानं म्हणाल्या, "मार खाण्यात तुझ्या बाबाचा हात धरणारा नाही कोणी. बाकीचे केकाटतात. हा गिळतो." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

चित्र सुरू झालं. वादी वर गेली. ती खाली यायच्या आतच बाबानं श्वास आत ओढला. बारीक, नाकातून, दार किलकिलं व्हावं तसा. वादी त्यानंतर बसली.

"लवकर आलात," रेकॉर्डिस्ट म्हणाला. परत घेतलं. परत लवकर. तिसऱ्या वेळी मी पडदा सोडून बाबाकडे बघितलं. त्याचा डावा हात पुढे आला होता. तळवा वर, बोटं एकमेकांना घट्ट चिकटलेली. सराव असल्याशिवाय हात असा धरता येत नाही. त्याला स्वतःला ते कळलेलंही नव्हतं. माझं हसू तोंडातच राहिलं.

ताईंनी घड्याळ बघितलं. "असू दे, सरकवून घेऊ." रेकॉर्डिस्टनं तो श्वास उचलला आणि वादीच्या फटक्यावर नेऊन ठेवला. आता सगळं बरोबर बसत होतं. छान झालं म्हणाले सगळे.

खाली बसस्टॉपवर बाबानं बाटली उघडली आणि कोमट पाणी प्यायला. मला पैज आठवत होती, पण तोंडातून भलतंच निघालं. मी विचारलं, मार बसायच्या आधीच कसं दुखेल?

त्यानं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग बोलला, रस्त्याकडे बघत. आजोबा रोज संध्याकाळी दोघा भावांना समोर बसवून गणितं घालायचे. ज्याचं चुकेल त्यानं हात पुढे करायचा. ज्याचं बरोबर येईल त्यानं लाकडी पट्टीनं मारायचं. आजोबा खुर्चीत बसून बघायचे.

"दादा सुरुवातीला हळू मारायचा," बाबा म्हणाला. "मग आजोबांनी त्याला शिकवलं."

"आणि तुला?"

"मला शिकवावं लागलं नाही."

बस आली नव्हती. यावी असं मला फार वाटत होतं.

"तू परवा विचारलंस ना, ते दोघे मिळून राजाला का पाडत नाहीत," तो म्हणाला. "मी जिंकलो की त्या दिवशी मला मार नसायचा. मग वडिलांचा राग कशाला येईल? उलट वाटायचं, किती चांगले आहेत आपले वडील. राग यायचा तो दादाचा. उद्या तो जिंकला तर, म्हणून."

मी त्याचा हात धरला. असं काही मी एरवी करत नाही. बस आली, आम्ही बसलो, दोन स्टॉप गेले. मग बाबा त्याच्या नेहमीच्या, दुकानदाराला ऐकू न येणाऱ्या आवाजात म्हणाला, "तरी गणिताचं बघ हं. आजोबा गणितच विचारतात."

एवढं सगळं सांगून झाल्यावर. माझ्या हातात त्याचा हात असताना. मी तो सोडला आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

सोमवारी चष्मिसला सांगितलं की बाबाला काहीच माहीत नाही. आता तिचं दप्तर मी उचलते. त्यात ती काय दगड भरते, देव जाणे.

त्याच संध्याकाळी मी आईकडे काकांच्या घरचा नंबर मागितला. आईनं कशाला म्हणून विचारलं नाही, की फोनमध्ये शोधलाही नाही. घडाघडा म्हणून दाखवला. म्हणजे आई आणि काकू कधीपासून बोलतात कोण जाणे.

फोन दादाच्या मुलीनंच उचलला. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाली, "अगं बाई, धाकट्याची मुलगी." म्हणजे तिकडे मलाही नाव नव्हतं. तिला माझ्यामुळे वक्तृत्वाचा क्लास लावलाय आणि स्टेजवर गेलं की तिला उलटी येते. मी सांगितलं, मला तुझ्यामुळे गणिताची शिकवणी आहे आणि मला भूमितीचं पुस्तक बघूनच येते. आम्ही इतक्या हसलो की तिकडे कुणीतरी दार वाजवलं. मग तिनं हळूच विचारलं, आजोबा अजूनही पट्टी काढत असतील का गं. म्हणजे तिच्या बाबांनीही तिला सांगितलं होतं.

"पट्टीची गरजच काय आता," मी म्हटलं. "आपले बाबा आहेत ना."

यावर ती हसली नाही. मीही नाही. मग आम्ही काय करायचं ते ठरवलं.

रात्री जेवायला बसलो. बाबा सांगत होता की आजोबांनी तिकिटं काढायला सांगितलीत, उशीर केलेला त्यांना चालत नाही. मी पेला खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. बाबानं श्वास आत ओढला. बारीक, नाकातून. मी अजून एक शब्दही बोलले नव्हते.

"बाबा, आई, मी आजोबांकडे जाणार नाही," मी म्हटलं. "तीही जाणार नाही. तिकडे ती आत्ता हेच सांगतेय. आणि माझे मार्क यापुढे मी सांगेन, तिचे कुणी विचारायचे नाहीत. आजोबांना फोन मीच करणार आहे, जेवण झाल्यावर, इथूनच. बाबा, तू काहीच बोलू नकोस. फक्त उभा राहू नकोस. माझ्या शेजारी बसून राहा."