चन्नप्पाची रायफल

मायाक्काला बंदूक हवी होती ती रानडुकरांसाठी. मंगळवेढ्याच्या पलीकडं तिची मेंढरं आणि थोडं मक्याचं रान. आदल्या वर्षी तिचा नवरा बिरुदेव मका राखायला गेला आणि डुकरानं सुळ्यानं त्याची मांडी उभी फाडली. मायाक्का ओरडा ऐकून धावली तेव्हा सरीत रक्ताचा चिखल झाला होता. तिनं पदर फाडून बांधला, वर गुडघा दाबून धरला, पण रक्त थांबलं नाही. दवाखान्याच्या वाटेवर, तिच्या मांडीवरच तो गेला.

पुढं वर्षभर ती परवान्यासाठी सोलापूरला खेटे घालत राहिली. बाई बंदूक मागते म्हणून कचेरीतले लोक आधी हसले. ती येतच राहिली तेव्हा हसायचे थांबले. परवाना निघाल्यावर बंदुकीच्या दुकानदारानं तिला सांगितलं, "वळसंगच्या पुढं चन्नप्पा नावाचे म्हातारे आहेत. त्यांना जुनी अमेरिकन रायफल विकायची आहे. पसंत पडली तर दोघं इथं या, नोंद करून देतो."

मार्चमधल्या एका सकाळी ती धाकट्या दिराला, धनाजीला, घेऊन त्याच्या पिकअपमधून तिकडं गेली.

चन्नप्पाचं घर शेतातच होतं. पुढं शेणानं सारवलेलं अंगण, कडुलिंबाखाली बाज. म्हाताऱ्यानं गोधडीत गुंडाळलेली रायफल आणून बाजेवर ठेवली. शेजारी काडतुसांची छोटी पिशवी ठेवली. त्याची बायको सावित्रम्मा चहा देऊन उंबऱ्यात बसली. घरात कानडी, पाहुण्यांसमोर मराठी, असं त्यांचं बोलणं.

"तंगी, हिची तऱ्हा वेगळी हाय," चन्नप्पा म्हणाला. धाकट्या बहिणीला म्हणावं तसं तो तिला तंगी म्हणत होता. चापाभोवती लोखंडी कडी होती. त्यानं तीन बोटं कडीत घातली, ती खाली ओढली आणि परत वर दाबली. खटखट असा कोरडा आवाज झाला. "खाली ओढलं की जुनं काडतूस बाहेर. वर दाबलं की नवं आत. प्रत्येक बाराला हे करायचं. न्हाय केलं तर चाप वडून बी काय होत न्हाय. घे, कर."

मायाक्कानं केलं. मेंढरं धरून धरून तिच्या मनगटात ताकद आली होती. कडी तिच्या हातात सहज फिरली. तिला रायफल आवडली.

"एवढी चांगली हाय तर इकता कशाला?" तिनं विचारलं.

चन्नप्पानं बायकोकडं पाहिलं. सावित्रम्मानं मान खाली घातली.

"पोरामुळं," तो म्हणाला. "अनिलकुमार नाव त्याचं. मागच्या महिन्यात सुनेच्या तोंडावर ह्याच बंदुकीचा दस्ता मारला त्यानं. चार दात पडले. जबडा तारेनं बांधलाय पोरीचा, माहेरी हाय. माझ्यामागं ही बंदूक त्याच्या हातात जायला नको."

तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला. अनिलकुमार अंगणात येऊन थांबला. तिशी उलटलेला, धुतलेला पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले. तो प्यायला नव्हता, हे मायाक्कानं पुढं पोलिसांना पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यानं पाहुण्यांना रामराम केला आणि बाजेवर बसून रायफल मांडीवर घेतली.

"ह्या घेनार व्हय?"

"अनिल, ठेव ती," चन्नप्पा म्हणाला.

"ठेवतो की." त्यानं पिशवीतून काडतुसं काढली आणि बाजूच्या फटीतून एकेक आत सारू लागला. "अप्पा, माझ्या नावावर करा म्हनून दोन वर्षं सांगतोय. तुमी मेंढरामागच्या बाईला देताय. गावात मी तोंड कुटं दाखवू?"

"बायकोचं तोंड फोडलंस तवा गावात कसा फिरलास?"

अनिलकुमारनं कडी ओढली, दाबली आणि बसल्या जागेवरून बार काढला.

आवाजानं कडुलिंबावरचे कावळे उठले. चन्नप्पा मागं फेकला जाऊन भिंतीवर आदळला. त्याचा डावा हात कोपराखाली नुसत्या कातड्याला लोंबत होता. पांढऱ्या भिंतीवर रक्ताचा आणि हाडाच्या चुऱ्याचा सडा पडला. म्हातारा ओरडला नाही. आपल्या हाताकडं बघत तो खाली सरकत गेला.

"बेडप्पा," सावित्रम्मा उंबऱ्यातून म्हणाली. नको रे बाळा, नको. "बेडप्पा, बेडप्पा."

धनाजी पळून कडब्याच्या गंजीमागं गेला. मायाक्का जागची हलली नव्हती. अनिलकुमार उठून उभा राहिला, बापाच्या दिशेनं दोन पावलं गेला आणि त्यानं पुन्हा कडी खाली ओढली. रिकामं पितळी काडतूस उडून मायाक्काच्या पायाशी पडलं. कडी अजून खालीच होती. त्याची तीन बोटं तिच्यात होती.

मायाक्का त्याच्या अंगावर गेली. एका हातानं तिनं तापलेली नळी धरली, दुसऱ्यानं दस्ता, आणि मेंढ्याची शिंगं धरून त्याला आडवा पाडतात तशी सगळं वजन टाकून रायफल पिरगाळली. बोटं मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. वाळक्या तुराट्या मोडाव्यात तसा. अनिलकुमार किंचाळला. डाव्या मुठीनं त्यानं तिच्या तोंडावर मारलं, पुन्हा मारलं, तिचं नाक फुटलं आणि रक्त तोंडात आलं. तिनं सोडलं नाही. आणखी पिरगाळलं. तो गुडघ्यावर आला तेव्हा रायफल तिच्या हातात सुटून आली.

तिनं दस्ता त्याच्या खांद्यावर घातला. मग बरगडीत. मग गुडघ्यावर. तो आडवा झाला तरी ती थांबली नाही. अंगणात आता तिच्या श्वासाचा आणि त्या मऊ धपधप आवाजाचाच काय तो गोंधळ होता. मग तिनं कडी वर दाबली. दुसरं काडतूस आत बसलं. तिनं नळी त्याच्या छातीवर रोखली. बिरुदेवला फाडणारं डुक्कर सापडलं असतं तर तिनं जसं रोखलं असतं, अगदी तसं.

सावित्रम्मा धावत आली आणि पोरावर पालथी पडली.

"मला गोळी घाल आदी," ती म्हणाली.

मायाक्काचं बोट चापावर होतं. म्हातारीच्या पाठीवरच्या चोळीची शिवण उसवलेली तिला दिसत होती. तिनं नळी आभाळाकडं केली, चापावरचं बोट काढलं आणि कडी ओढत, दाबत राहिली. एकेक काडतूस बाहेर पडून शेणाच्या सारवणावर आलं. पडायचं थांबलं तेव्हा तिनं रायफल अंगणाकडेच्या विहिरीत फेकली आणि हाक मारली, "भावजी, गाडी लावा."

तिनं चन्नप्पाच्या दंडावर पदर आवळून बांधला, लाकडाचा तुकडा घालून पीळ दिला. ह्या वेळी रक्त थांबलं. आवाज ऐकून आलेल्या शेजाऱ्यांनी अनिलकुमारला धरून ठेवलं आणि पोलिसांना फोन केला. पिकअपच्या हौद्यात सावित्रम्मा नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. धनाजीनं गाडी सोलापूरला घेतली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सावित्रम्मा मायाक्काजवळ आली. तिच्या लुगड्यावरचं रक्त वाळून काळं पडलं होतं.

"तंगी, एक ऐक. तू म्हन, बगताना तुज्या हातनं सुटली. तुज्याकडं परवाना हाय, तुला कोन काय करनार न्हाय. बंदूक तूच घे, फुकट घे."

"तसं न्हाय म्हननार."

"एकच पोरगं हाय मला."

"मला म्हाईत हाय," मायाक्का म्हणाली. नाक सुजून तिला नीट बोलता येत नव्हतं. "त्यानं बापावर बार काढला ते सांगनार. म्या त्याची बोटं मोडली, पडल्यावर मारलं, छातीवर नळी धरली, ते बी सांगनार. हाय तेवढं समदं सांगनार."

सावित्रम्मानं तिच्या अंगावर थुंकल्यासारखं केलं आणि ती भिंतीकडं तोंड करून बसली.

चन्नप्पाचा हात कापावा लागला. पोलिसांनी विहिरीत गळ टाकून रायफल काढली, आणि ती मुद्देमालात जमा झाली. मायाक्कानं पावसाळ्याआधी दुकानातून एकनळी बंदूक घेतली आणि वनखात्याची परवानगी काढून दोन डुकरं मारली. बिरुदेवला मारणारं त्यातलं होतं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. पहिलं पडलं तेव्हा तिला बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. पण मका वाचला.

खटला उभा राहिला तेव्हा अनिलकुमार जामिनावर सुटून घरीच राहत होता. चन्नप्पा रिकामी बाही सदऱ्याला टाचून साक्षीला आला. "डोळ्यानं नीट दिसत न्हाय साहेब," तो म्हणाला. "बार कुनाच्या हातनं सुटला, कळलं न्हाय." सरकारी वकिलानं चारदा विचारलं. तो तेच म्हणत राहिला. मायाक्काला वाटलं, संपलं. आता तिचं आणि दिराचं बोलणं कोण धरणार?

मग सावित्रम्माला बोलावलं. ती पिंजऱ्याचा कठडा धरून उभी राहिली. समोर अनिलकुमार बसला होता, उजव्या हाताची तीन बोटं वाकडीच राहिलेली.

"माज्या पोरानं घातला बार," ती म्हणाली. "बाजेवर बसून घातला. दुसरा बी घालनार होता. ह्या बाईनं धरला त्याला."

अनिलकुमारच्या वकिलानं विचारलं, आधी पोलिसांना दिलेल्या जबाबात तुम्ही काही पाहिलं नाही म्हणालात, आता का सांगता?

"तो घरात ऱ्हातोय आता," सावित्रम्मा म्हणाली. "ह्यांचा एकच हात उरलाय. ज्येवताना त्याच्याकडं बगत ज्येवतात. सांगाय भितात, म्हनून मी सांगते."

दुपारी मायाक्का बाहेर आली तेव्हा म्हातारा-म्हातारी फाटकाशी उभे होते. चन्नप्पानं तिच्याकडं पाहायचं टाळलं. सावित्रम्मानं पाहिलं. तिनं नवऱ्याचा उरलेला हात धरला, रिक्षा थांबवली, आणि त्याला आधी आत बसवून मग स्वतः बसली.